खेळायचे पण पैसे?

मूल बोलत नाही म्हणून थेरपीला नेणाऱ्या आईबापांची तक्रार बहुतेक एकच असते. तिथं काही शिकवत नाहीत, नुसतं खेळवतात. रिक्षाभाडं घालायचं, फी भरायची आणि बाईंनी साबणाचे फुगे उडवायचे! ओळखीच्या एका घरात आजोबांनी दुसऱ्याच आठवड्यात हे बंद करायला लावलं. त्यांचं म्हणणं, 'इससे अच्छा तो नूरानी कायदा पढ़ाओ.' मूल साडेतीन वर्षांचं होतं.

त्या फुग्यांत काय चालतं, हे कुणी आजोबांना समजावून सांगितलं नव्हतं. बाई दोनचार फुगे उडवतात, बाटलीचं झाकण लावतात आणि गप्प बसतात. मूल आधी बाटली ओढतं, चिडतं. मग कधीतरी बाईंच्या तोंडाकडे बघतं. तेवढ्यावर झाकण उघडतं. पुढच्या खेपेला नुसतं बघून भागत नाही, हात पुढे करावा लागतो, नंतर एखादा 'फ' किंवा 'प'. दुसऱ्या माणसाकडे बघितलं, मागितलं, की मिळतं, हे कळल्याशिवाय शब्द येऊन करायचं काय? कायदा घोकून अलिफ-बे म्हणता येईल कदाचित. पण तहान लागली तर पाणी मागता येईलच असं नाही.

आणि आठवड्यातला तासभर पुरत नाही. बाकीचे दिवस हाच खेळ घरी खेळावा लागतो, घरच्या भाषेत. दखनी किंवा उर्दू सोडून इंग्रजी बोला म्हणजे मूल लवकर बोलेल, ही समजूत चुकीची आहे. दोन भाषा कानावर पडल्यानं मूल मागे पडत नाही.

खेळ म्हणजे वेळ वाया, ही समजूत आपण दीनदारीच्या नावावर खपवतो, याचं मला जास्त नवल वाटतं. हजरत आयशांच्या बाहुल्यांची हदीस बुखारीत आहे. नातू पाठीवर चढला म्हणून पैगंबरांनी सजदा लांबवला, हे नसाईत आहे. इमाम गझालींनी तर नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मक्तबातून सुटलेल्या मुलाला खेळू द्यावं, नाहीतर त्याचं मन मरतं आणि बुद्धी बोथट होते. आपल्याकडे मूल सकाळी मक्तबात, मग इंग्रजी नर्सरीत, संध्याकाळी ट्यूशनला. मधल्या वेळात जेवावं म्हणून हातात मोबाईल.

महाराष्ट्राला हे बाहेरून शिकायची गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला आदिवासी मुलांसाठी हेच केलं. शिंपले, बिया, पानं, काड्या ही त्यांची साधनं. मुलं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आज तो ऐकला की आपल्याला फक्त खिचडी आठवते.

मूल खेळत असेल तर काय अडलंय तेही लवकर दिसतं. दीड वर्षाचं मूल बोटानं काही दाखवत नाही, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तर वळत नाही, गाडी चालवण्याऐवजी तिचं चाकच फिरवत बसतं, हे सोबत खेळणाऱ्याच्या लक्षात येतं. आपण मात्र 'इसका बाप भी देर से बोला था' म्हणत दोन वर्षं घालवतो. दुआ करा, दम करून आणा, त्याला कोण नाही म्हणतंय. पण त्याच आठवड्यात कानाची तपासणीही करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी मोफत होते, पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. मुलाचं नाव अंगणवाडीत हवं मात्र. 'ते गरिबांसाठी असतं' म्हणून आपल्यातले बरेच जण नाव घालतच नाहीत.

खोली दहा बाय बाराची, खाली रस्त्यावर गाड्या, मूल खेळणार कुठं, हा प्रश्न खरा आहे. आमच्या मशिदीच्या मक्तबाची खोली सकाळी दहापासून जोहरपर्यंत रिकामी असते. चटया आहेत, पंखा आहे, नळ आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ती दोन तास उघडी ठेवावी, असा अर्ज मी ट्रस्टकडे दिला आहे. वाळू आणि पाण्याचा टब मी आणून देईन. चटया ओल्या होतील, एवढीच हरकत आतापर्यंत आली आहे.