परभाषीय शब्द: उगम आणि उपयोग

मराठीतील इंग्रजी शब्दांचा विचार आजवर बहुधा शुद्धीच्या अंगाने झाला. शब्द परका, म्हणून तो त्याज्य, ही त्यामागील भूमिका. शालेय व्याकरणातही ‘परभाषीय’ या सदराखाली अशा शब्दांची यादी दिली की विवेचन संपते. शब्द कोठून आला, एवढेच त्यातून कळते. येथे आल्यावर त्याचे काय झाले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न अनुत्तरित राहतो.

‘हॉटेल’ हा शब्द पाहावा. ‘हॉटेल’ आणि ‘हॉस्पिटल’ हे दोन्ही शब्द यजमान व पाहुणा असे दोन्ही अर्थ असलेल्या ‘होस्पेस’ या लॅटिन शब्दापासून निघाले. इंग्रजीत हॉटेल म्हणजे प्रवाशाच्या मुक्कामाची जागा. मराठवाड्यात गावाच्या फाट्यावर चहा-भजी मिळणारे पत्र्याचे छप्परही ‘हॉटेल’च असते. मुक्कामाच्या जागेसाठी मराठीने ‘लॉज’ हा दुसरा इंग्रजी शब्द योजला. ही अर्थाची नवी वाटणी मराठी भाषकांनी स्वतः केली आहे.

‘कॉपी’ची कथा याहून उद्बोधक आहे. लॅटिन ‘कोपिया’ म्हणजे विपुलता; पुढे त्याला प्रत, नक्कल हा अर्थ आला. मराठीत ‘कॉपी’ म्हटले की प्रथम आठवतो तो परीक्षेतील गैरमार्ग. १९८२ च्या राज्य कायद्याने त्यासाठी ‘गैरप्रकार’ ही संज्ञा योजली. परंतु शासनाला आपल्या मोहिमेचे नाव ‘कॉपीमुक्त अभियान’ असेच ठेवावे लागले. लोकांनी दिलेला अर्थ शासनाने स्वीकारला, असाच याचा अर्थ होतो.

केवळ अर्थच नव्हे, तर व्याकरणही या शब्दांना आपलेसे करते. ‘लाईट गेली’ येथे हा शब्द विजेचे स्त्रीलिंग घेतो. ‘लाईट लावला’ येथे दिव्याचे पुल्लिंग. इंग्रजीत ज्याला असे व्याकरणिक लिंगच नाही, अशा शब्दाला मराठीत अर्थागणिक वेगळे लिंग लाभते. एवढ्यावरही त्याला परका म्हणणे सयुक्तिक ठरत नाही.

मराठवाड्याच्या संदर्भात या अभ्यासाला आणखी एक परिमाण आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. जिल्ह्याचा प्रमुख येथे ‘अव्वल तालुकदार’ म्हणून ओळखला जाई, ‘कलेक्टर’ नव्हे. शब्दशः ‘गोळा करणारा’ असलेला हा वसुली अधिकारी कंपनी सरकारच्या महसूलव्यवस्थेत जिल्ह्याचा धनी झाला. मुंबई इलाख्यातील मराठीत आणि मराठवाड्याच्या मराठीत इंग्रजी शब्द एकाच वाटेने व एकाच काळी आले, हे गृहीतक म्हणूनच तपासून घ्यावे लागते.

शुद्धीवादाचे कार्य नाकारण्याचे कारण नाही. सावरकरांचे ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्द मराठीत स्थिरावले. मात्र त्यांचाही अंतिम निर्णय वापरणाऱ्यांनीच केला. प्रचलित मराठी शब्द सुटसुटीत असताना केवळ प्रतिष्ठेसाठी इंग्रजी शब्द वापरणे ही वेगळी गोष्ट. तिचा निषेध रास्तच आहे. परंतु नवा अर्थ व नवे लिंग घेऊन नांदणाऱ्या शब्दाला त्याच न्यायाने वागवणे हा अविचार होय.

दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात सिद्ध झाले, पुरवणी १९५० साली आली. त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत वीज, एस.टी. आणि परीक्षा खेडोपाडी पोहोचल्या, आणि त्यांच्याबरोबर शब्दही. या शब्दांची नोंद केवळ ‘इंग्रजी’ असा शेरा मारून करता येणार नाही. प्रत्येकाचे मूळ, मराठीतील अर्थ, लिंग, प्रदेश आणि छापील आढळाचा काळ नोंदवला गेला पाहिजे.

२०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यामुळे ताम्रपट व शिलालेखांकडे लक्ष वळणे स्वाभाविक व इष्ट आहे. पण भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करताना तिच्या आजच्या घडणीकडे पाठ फिरवली जाऊ नये. जालना, बीड, हिंगोलीच्या खेड्यांतून पदव्युत्तर वर्गात येणाऱ्या विद्यार्थ्यांजवळ हे शब्दधन आहे. ते अशुद्ध म्हणून खोडण्याऐवजी टिपून घेण्यास त्यांना शिकवणे, हे विद्यापीठीय मराठी विभागांचे आजचे कर्तव्य आहे.