केकचा तुकडा नव्हे, लोणी-पाव!

माझा मावसभाऊ पोलंडमध्ये व्रोत्सवाफ शहरात शिकतो. शनिवार-रविवार एका हॉटेलच्या किचनमध्ये भांडी घासणं, भाज्या चिरणं अशी पार्टटाइम कामं करतो. मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी त्याच्या अंगात कणकण होती. उद्या शिफ्टला येणार ना, असं तिथल्या सुपरवायझर बाईंनी विचारलं. बाईंना इंग्रजी येत नाही, याचं पोलिश जेमतेम. मग दादाने डोकं चालवलं. इंग्रजीत ‘आय ॲम अंडर द वेदर’ म्हणतात, हे त्याला पाठ. त्यातल्या एकेका शब्दाला पोलिश शब्द शोधला, जोडले आणि ठोकून दिलं, ‘येस्तेम पोद पोगोदों’. म्हणजे अक्षरशः, ‘मी हवामानाच्या खाली आहे.’

बाई खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, हो, थंडी आहेच. आणि निघून गेल्या. रविवारी दादा अंथरुणात, बाई किचनमध्ये वाट बघतायत. पुढच्या आठवड्याच्या शिफ्ट्स दुसऱ्या मुलाला मिळाल्या, आणि दादाचं त्या महिन्याच्या भाड्याचं गणित बिघडलं.

नंतर किचनमधल्याच एका मुलाने त्याला सांगितलं, अरे, आम्ही म्हणतो ‘त्सोश म्न्ये ब्येझे’. शब्दशः, ‘मला काहीतरी पकडतंय’. आजार पूर्ण आलेला नाही, पण येऊ घातलाय. हे ऐकल्यावर दादा मला फोनवर म्हणाला, “अगं, ही तर आपली कणकण! मी उगाच इंग्रजीतून वळसा घालून गेलो.”

या एका वाक्यामुळे हा विषय माझ्या डोक्यात बसला. इंग्रजी वाक्प्रचार पोलिशमध्ये कसे न्यायचे, याच्याशी इथल्या कॉलेजकट्ट्यावर बसलेल्या आपला काय संबंध? तर बराच आहे.

आधी थोडी गंमत. एखादं काम फार सोपं असेल तर इंग्रज म्हणतो ‘पीस ऑफ केक’. पोलिश माणसाला केकचा तुकडा म्हणालात तर तो प्लेट शोधेल. तो म्हणतो ‘बुवका झ मासवेम’, म्हणजे लोणी लावलेला पाव. आपण म्हणतो डाव्या हाताचा मळ. पाऊस कोसळतो तेव्हा इंग्रजांकडे कुत्री-मांजरं पडतात, पोलिश लोकांकडे टबातून ओतल्यासारखं पाणी येतं आणि आपल्याकडे मुसळाच्या धारा लागतात. अशक्य गोष्टीसाठी इंग्रजीत डुकरं उडतात. पोलिश माणूस म्हणतो, ‘त्याआधी माझ्या तळहातावर निवडुंग उगवेल.’ नाजूक ठिकाणी धसमुसळेपणा करणारा इंग्रजीत काचसामानाच्या दुकानात शिरलेला बैल असतो, पोलिशमध्ये तोच हत्ती होतो. इंग्रजीत न कळणारी गोष्ट ‘ग्रीक’ असते, पोलिशमध्ये ‘चिनी’. एका दगडात दोन पक्षी आपण आणि इंग्रज दोघेही मारतो, पोलिश माणूस मात्र एकाच आगीवर दोन मांसाचे तुकडे भाजून घेतो.

म्हणजे प्रसंग तोच असतो, चित्र बदलतं. शब्दांचं भाषांतर केलं की फक्त चित्र उचललं जातं आणि प्रसंग मागे राहतो. दादाचं नेमकं हेच झालं. त्याने ‘वेदर’ला शब्द शोधला, ‘बरं वाटत नाहीये’ला शोधलाच नाही.

जोडशब्दांचा गुंता याहून छुपा आहे, कारण तिथे आपण फसलोय हे कळतही नाही. इंग्रजीत दोन नामं शेजारी ठेवली की काम झालं. ऑरेंज ज्यूस, फोन नंबर, टूथपेस्ट, तिन्हींची बांधणी सारखी. पोलिशमध्ये मात्र तीन वेगळे रस्ते. संत्र्याचा रस म्हणजे ‘सोक पोमारान्चोवी’, इथे संत्र्याचं विशेषण झालं आणि ते रसाच्या मागे जाऊन बसलं. फोन नंबर म्हणजे ‘नुमेर तेलेफोनु’, इथे फोनला षष्ठी लागली. टूथपेस्ट म्हणजे ‘पास्ता दो झेंबुफ’, दातांसाठीची पेस्ट. त्या दोन नामांचं एकमेकांशी नातं काय, हे इंग्रजी सांगत नाही. पोलिशला ते सांगावंच लागतं. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. शाळेत प्रथमा ते संबोधन घोकलेल्या आपल्याला त्याची धास्ती वाटायचं कारण नाही.

एक उदाहरण मला फार आवडलं. ‘फिलिझान्का कावी’ म्हणजे कपभर कॉफी. ‘फिलिझान्का दो कावी’ म्हणजे कॉफीचा कप, रिकामा असला तरी. मधल्या एवढ्याशा ‘दो’वर कॉफी मिळणार की नुसता कप, हे ठरतं. मराठीत ‘चहाचा कप’ म्हटलं की दोन्ही अर्थ निघू शकतात, म्हणून तर आपण ‘कपभर चहा’ म्हणतो.

तीच गोष्ट क्रियापदांची. इंग्रजीत ‘राइट डाउन’, ‘साइन अप’ अशी शेपटं लागतात. पोलिशमध्ये उपसर्ग पुढे लागतो. ‘पिसाच’ म्हणजे लिहिणं. ‘झापिसाच’ म्हणजे टिपून ठेवणं, ‘पोतपिसाच’ म्हणजे सही करणं, ‘प्शेपिसाच’ म्हणजे उतरवून काढणं. आहार, विहार, प्रहार, संहार हे शाळेत केलेलं आठवतंय ना? तोच खेळ.

आता मूळ मुद्दा. आपण जगातली कुठलीही भाषा शिकायला घेतो ती इंग्रजीच्या खिडकीतून. पुस्तकं इंग्रजीत, ॲप इंग्रजीत, व्हिडिओ इंग्रजीत. सोय म्हणून ठीक आहे, पण हा मध्यस्थ दलाली घेतो, आणि किती घेतो ते बघा.

पोलिशमध्ये ‘ब्रातोवा’ असा शब्द आहे. अर्थ एकच, भावाची बायको. मराठीत सरळ वहिनी किंवा भावजय. पण मध्ये इंग्रजी आली की ती होते ‘सिस्टर-इन-लॉ’. आता या सिस्टर-इन-लॉचं मराठी काय करणार? वहिनी? नणंद? मेहुणी? जाऊ? पोलिशने सांगितलेलं आणि मराठीला हवं असलेलं नातं मधल्या मध्ये हरवलं. दोन्ही टोकांना शब्द होता, फक्त वाट चुकीची धरली.

किंवा ‘मुश्तार्दा पो ओब्येज्ये’ घ्या. शब्दशः, जेवण झाल्यावर आलेली मोहरीची चटणी. इंग्रजीतून आलात तर ‘टू लेट’ एवढाच कोरडा अर्थ हाती लागेल. थेट मराठीत आणलात तर वरातीमागून घोडे! त्यातला टोमणाही शाबूत. २०१८ साली पोलंडमध्ये ‘तरुणाईचा शब्द’ म्हणून निवडला गेला तो ‘द्झबान’. अर्थ मातीचं मोठं भांडं, आणि बोलीत मूर्ख माणूस. इंग्रजीतून आलं की नुसता ‘इडियट’ उरतो. आपल्याकडे मित्राला आपण काय म्हणतो? माठ! मडक्यावरून शिवी देण्याची अक्कल दोन्हीकडे सारखीच.

कुणी म्हणेल, एवढं काय, भाषा एकमेकींकडून घेतातच की. हो, घेतात आणि घ्यावंच. ‘हिमनगाचं टोक’ आपण इंग्रजीतून घेतलं, पोलिशनेही घेतलं. दोन्हीकडे ते रुळलं. ‘ग्रीन लाइट’ पोलिशमध्ये जशाच्या तशा ‘हिरवा दिवा’ अर्थाने गेली. मराठीने तिचा ‘हिरवा कंदील’ केला, आणि रेल्वेचा गार्ड डोळ्यांसमोर उभा राहिला. ब्रेनस्टॉर्मिंगचं पोलिशने ‘मेंदूंचं वादळ’ केलं, आपण ‘विचारमंथन’ केलं, थेट समुद्रमंथनाचा दोर धरून. याला उसनवारी म्हणत नाहीत, घेतलेली वस्तू घरात नीट मांडून ठेवणं म्हणतात.

अडचण होते ती न मांडता नुसती आणून टाकल्यावर. ‘ॲट द एंड ऑफ द डे’चं शब्दशः भाषांतर हल्ली पोलिशमध्येही कानावर येतं आणि मराठी चर्चांमध्येही. ‘दिवसाच्या शेवटी महत्त्वाचं काय, तर...’ असं ऐकलं की मला घड्याळ बघावंसं वाटतं. ‘शेवटी’ एवढा एक शब्द पुरेसा असताना दिवस कशाला खर्च करायचा? मी स्वतः इथे इंटर्न म्हणून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात अशी तीन वाक्यं लिहिली होती. डेस्कवरच्या सरांनी लाल पेनाने गोल केलं आणि फक्त एवढंच विचारलं, “तुझी आई हे असं म्हणेल का?” उत्तर द्यायची गरज पडली नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. नुसता प्रसंग धरून मूळ शब्द पार सोडले की काय होतं, याचं पोलंडमधलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ‘डाय हार्ड’ हा सिनेमा. ‘डाय-हार्ड’ म्हणजे सहजी हार न मानणारा. पोलिशमध्ये त्याचं नाव ठेवलं ‘काचेचा सापळा’, कारण पहिला भाग एका काचेच्या टॉवरमध्ये घडतो. छान! पण १९९० मध्ये दुसरा भाग आला तो विमानतळावर. तरी नाव ‘काचेचा सापळा २’. चित्राला चिकटून राहिलात तर दादासारखं होतं, एकाच प्रसंगाला चिकटलात तर असं होतं.

मग करायचं काय? मला तीन प्रश्न पुरेसे वाटतात. हे वाक्य माणूस कधी म्हणतो? त्याच वेळी समोरच्या भाषेतला माणूस काय म्हणतो? आणि तसं काहीच नसेल, तर साधं, सरळ सांगता येईल का? दादाने त्या दिवशी ‘मला बरं नाही’ एवढं सांगितलं असतं तरी शिफ्ट वाचली असती. प्रत्येक वाक्प्रचाराला वाक्प्रचारच शोधायचा हट्टही सोडायला हवा.

पोलंडचा कवी आणि अनुवादक स्तानिस्वाव बारान्चाक याने शेक्सपिअर पोलिशमध्ये आणला. १९९२ साली त्याचं अनुवादावरचं पुस्तक आलं. अनुवादात काय हरवतं याची रड आपण नेहमी ऐकतो. त्याने पुस्तकाचं नावच उलटं ठेवलं, अर्थ असा की ‘अनुवादात वाचलेलं’. मला ही नजर पटते. हरवतं ते बरंचसं आपल्या आळसामुळे.

आणि पोलिश आपल्याला एवढी परकीही नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४३ पासून साधारण पाच वर्षं कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात हजारो पोलिश निर्वासित राहिले, त्यात मुख्यतः बायका आणि मुलं. आज आपल्यातली कितीतरी मुलं शिकायला पोलंडमध्ये जातात. तेव्हा ती माणसं इथे आली, आता आपण तिथे जातोय. एवढं येणं-जाणं असताना दोन भाषांनी एकमेकींशी थेट बोलू नये, दरवेळी तिसऱ्याच्या दारात जाऊन उभं राहावं, हे बरं दिसत नाही. इंग्रजी हवीच. नोकरीला हवी, अभ्यासाला हवी. पण ती पूल म्हणून असावी, टोलनाका म्हणून नाही.

तुम्ही जर्मन शिकत असाल, जपानी शिकत असाल, कोरियन सीरियल बघून कोरियन शिकत असाल, तर एक करून बघा. वहीत त्या भाषेसमोर इंग्रजी अर्थ लिहिण्याआधी एकदा मराठी आठवून बघा. अनेकदा शब्द तुमच्याकडे आधीच असतो, कणकणीसारखा, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

दादाने आता तशी वही केलीय. पूर्वी तिच्यात तीन रकाने होते, पोलिश, इंग्रजी, मराठी. परवा त्याने व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर मधला रकाना काढून टाकलेला. पहिल्या पानावर पहिलीच नोंद आहे : ‘त्सोश म्न्ये ब्येझे’, आणि त्यापुढे, ‘अंगात कणकण आहे, उद्या येत नाही’.

रविवारच्या शिफ्ट्सही परत मिळाल्यात.