पीयूसीत न सापडणारे विष

गाडीची पीयूसी मिळाली की आपण निर्धास्त. धूर तपासला, कागद हातात आला, गाडी निर्मळ! पण टायरचे काय? नवा टायर गुळगुळीत होतो तेव्हा त्याचे रबर जाते कुठे? पावसाबरोबर गटारात, तिथून ओहोळात, शेवटी नदीत.

त्याने काय बिघडते, ते अमेरिकेतल्या सिएटल परिसराला विचारा. तिथले कोहो सामन मासे समुद्रातून ओढ्यांत अंडी घालायला चढतात. पाऊस पडला की शहरी ओढ्यांत शंभरातले ४० ते ९० मासे अंडी घालण्याआधीच मरत. कारण डिसेंबर २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. टायर तडकू नये म्हणून त्यात ६-पीपीडी हे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन त्याचे ६-पीपीडी-क्विनोन बनते. तेच हे विष. कारखान्याच्या यादीत ते नव्हतेच, रस्त्यावर तयार झाले! मग कसली पीयूसी त्याला पकडणार?

कोणी म्हणेल, आमच्या नद्यांत कोहो कुठे आहे? नाही. त्याच पाण्यात चम सामन तगतो, हेही खरे. पण रेनबो ट्राउट मरतो. मग आपल्या चणक-शेवट्यांची परीक्षा त्यांना मारूनच घ्यायची का? विजेच्या गाडीनेही सुटका नाही. तिला धूर नाही, पण टायर आहेत आणि बॅटरीचे वजनही आहे.

कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२३ पासून टायर कंपन्यांना पर्याय शोधायला लावले. युरोपने २०२४ साली युरो-७ नियमांत टायरची झीजही आणली. टायरमधले रसायन बदलणे गोव्याच्या हातात नाही, कबूल. गटार तर आहे ना? वॉशिंग्टन राज्यातल्या प्रयोगांत रस्त्याचे हेच पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळले, तेव्हा कोहो जगले. इतका साधा उपाय! आपण मात्र रस्ता रुंद करताना कडेची माती उपसतो, काँक्रीटचे गटार बांधतो आणि त्याचे तोंड सरळ ओहोळाकडे वळवतो.

भरतीचे खारे पाणी अडवून पावसाचे पाणी सोडणारी मानस आपल्याच पूर्वजांनी बांधली. पाणी कुठून येते, कुठे जाते, हे त्यांना कळत होते. त्यांच्या वारसांना गटाराच्या तोंडाशी वाळू-मातीचा एक गाळणखड्डा सुचू नये? पुढच्या रस्त्याच्या निविदेत एवढे एक कलम आहे का, हे ग्रामसभेत विचारा. नसेल तर घालायला लावा. खाजनात विष उतरल्यावर अर्ज लिहून काय उपयोग?