किल्ली कोणाच्या हाती?

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामी आले. ते जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्यांची माती-बांबूची कुटी आजही जपलेली आहे. त्याच वर्धा जिल्ह्यात आई-वडिलांना वृद्धाश्रमात पोहोचवून परतणाऱ्या कित्येकांना त्यांच्या घराविषयी दोनच गोष्टी सुचतात : कुलूप किंवा दलाल!

मालक हयात असताना हा वारसा कसला? घर ही त्यांची ठेव आहे, पुत्र केवळ विश्वस्त. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ हेच बजावते. सांभाळाच्या अटीवर दिलेले घर, अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. म्हणूनच बक्षीसपत्रात ती अट स्पष्ट लिहून घ्यावी.

परंतु कायदा भिंती वाचवील, घरपण नव्हे. मृगापूर्वी कवेलू फेरावेत, घरपट्टी वेळेवर भरावी, भाडे आले तर ते आई-वडिलांच्याच खात्यात जावे, दिवाळीला त्यांच्याच हस्ते देवघरात दिवा लागावा. हे अशक्य आहे काय?

पितृऋण केवळ पितृपक्षात फिटत नाही. घराची किल्ली आज, त्यांच्या हयातीत, त्यांच्याच उशाशी हवी.