जिराफाचं दुकान का बुडालं?

पैशाची गोष्ट

दोस्तांनो, एखादं दुकान बंद पडलं असं कळलं, की आपण पटकन काय म्हणतो? 'गिऱ्हाईकच येत नसेल!' पुष्कळदा ते खरंही असतं. पण आजच्या गोष्टीतल्या दुकानात गिऱ्हाईक येत होतं, माल खपत होता, गल्ल्यात पैसे पडत होते. तरीही ते बुडालं. आणि एकच दुकान नव्हे बरं का, एकट्या अमेरिकेतली सातशेहून जास्त दुकानं २०१८ साली काही महिन्यांत बंद झाली. दुकानं कसली? खेळण्यांची!

या दुकानांचं नाव 'टॉईज आर अस'. म्हणजे 'खेळणी म्हणजे आम्हीच'. पाटीवर मधलं 'आर' हे इंग्रजी अक्षर मुद्दाम उलटं काढलेलं असायचं. लिहायला शिकताना लहान मुलं नाही का ३ चं तोंड भलतीकडे करत, अगदी तसं. आणि दुकानाचा मानकरी होता जेफ्री नावाचा जिराफ.

आता सुरुवातीपासून ऐका. दुसरं महायुद्ध संपलं. चार्ल्स लाझारस नावाचा तरुण सैन्यातून घरी परतला. अमेरिकेत तेव्हा घरोघरी पाळणे हलत होते. लाझारसने हिशेब केला, की इतकी बाळं जन्मताहेत, तर त्यांना पाळणे, पलंग लागणारच. १९४८ साली त्याने राजधानी वॉशिंग्टनमध्ये वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या जागेत लहान मुलांच्या लाकडी सामानाचं दुकान थाटलं.

पण लवकरच त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. पाळणा घेतला की घेतला. दुसरं बाळ झालं, तरी तोच पाळणा चालतो. खेळण्याचं तसं नाही. खेळणं मोडतं, हरवतं, मूल मोठं झालं की आवडेनासं होतं, आणि आई पुन्हा दुकानात येते! मग १९५७ साली त्याने फक्त खेळण्यांचं मोठं दुकान काढलं. त्या काळी तिकडे खेळणी खपायची मुख्यतः नाताळात. लाझारसने ती बारा महिने ठेवली. छतापर्यंत मांडण्या, हजारो प्रकार, ढकलगाडी घ्या आणि हवं ते स्वतः उचला. बाळांचे लंगोट तर तो अगदी स्वस्तात विकायचा. का, सांगा पाहू? लंगोट घ्यायला आलेली आई एखादं खेळणं घेतल्याशिवाय बाहेर पडायची नाही ना, म्हणून!

ही युक्ती फळली. दुकानं देशोदेशी गेली. १९९१ साली ती जपानमध्ये पोहोचली, आणि पुढच्याच जानेवारीत तिथल्या एका नव्या दुकानाला अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) स्वतः हजर राहिले. खेळण्यांच्या दुकानाला राष्ट्राध्यक्षांची भेट! केवढा तो थाट!

पण याच सुमारास शेजारी दुसरा पैलवान उभा राहत होता. त्याचं नाव वॉलमार्ट. तिथे किराणा, कपडे, औषधं, खेळणी सगळंच मिळायचं. खेळण्यांवर नफा नाही सुटला तरी त्याचं बिघडत नव्हतं, तो साबणावर आणि पावावर कमवायचा. १९९८ साली अमेरिकेत सर्वात जास्त खेळणी विकण्याचा मान वॉलमार्टने पटकावला. मग इंटरनेट आलं. २००० साली जिराफाच्या दुकानाने ॲमेझॉनशी दहा वर्षांचा करार केला. इंटरनेटवरची आपली विक्री ॲमेझॉनच्या हाती दिली. अट एवढीच, की ॲमेझॉनवर खेळणी आमचीच असतील. पुढे ॲमेझॉनवर इतरांचीही खेळणी दिसू लागली. भांडण २००४ मध्ये न्यायालयात गेलं आणि २००६ मध्ये करार मोडला. पण तोपर्यंत गिऱ्हाइकाला ॲमेझॉनची सवय लागली होती, आणि जिराफाचं स्वतःचं इंटरनेटवरचं दुकान मात्र मागे राहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, 'मग झालं! स्पर्धेत हरलं, म्हणून बुडालं.' थांबा. अर्धी गोष्ट अजून राहिली आहे, आणि तीच महत्त्वाची आहे.

समजा, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी वह्या-पुस्तकांचं एक दुकान आहे. त्याची किंमत एक लाख रुपये. ते तिघांनी मिळून विकत घेतलं. स्वतःच्या खिशातून घातले वीस हजार. उरलेले ऐंशी हजार कर्ज काढलं. आता हे कर्ज कुणी फेडायचं? 'ज्यांनी घेतलं त्यांनी,' असंच म्हणाल ना? पण नाही! कर्ज लिहिलं गेलं दुकानाच्या नावावर. म्हणजे दुकान विकलं गेलं, आणि स्वतःची किंमतही दुकानानेच फेडायची!

दहा टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं आठ हजार. दुकान कमावतं नऊ हजार. उरले किती? हजार रुपये. त्यातच भिंतींना रंग द्यायचा, नवी कपाटं घ्यायची, नोकरांचे पगार वाढवायचे, आणि मुद्दल तर अजून शिल्लकच. समोरच्या दुकानदाराच्या डोक्यावर कर्ज नाही. तो नऊच्या नऊ हजार दुकानात घालतो. मग दहा वर्षांनी तुम्ही कुठल्या दुकानात जाल?

अगदी हेच घडलं. २००५ साली तीन गुंतवणूकदार कंपन्यांनी 'टॉईज आर अस' सुमारे ६६० कोटी डॉलरना विकत घेतली. बेन कॅपिटल, केकेआर आणि व्होर्नाडो अशी त्यांची नावं. त्यांचे स्वतःचे पैसे होते साधारण एक पंचमांश. बाकी बहुतेक कर्ज, आणि ते कंपनीच्या खांद्यावर. एकूण कर्जाचा बोजा झाला सुमारे ५०० कोटी डॉलर.

आता २०१६ सालचा हिशेब पाहा. विक्री झाली सुमारे साडेअकराशे कोटी डॉलरची. माल, भाडं, पगार, सगळा खर्च वजा जाता उरले सुमारे ४६ कोटी डॉलर. आणि व्याज? तेही जवळजवळ तेवढंच! म्हणजे रोजचे साधारण साडेबारा लाख डॉलर, रविवार असो की सण. शेवटी हाती आला तोटा. मग दुकानं जुनाट दिसू लागली, माणसं कमी पडू लागली, यात नवल ते काय?

शेवट मात्र फार झटपट झाला. खेळण्यांचा कारखानदार दुकानाला माल उधारीवर देतो, आणि नाताळात विक्री झाली की पैसे घेतो. सप्टेंबर २०१७ मध्ये बातमी फुटली, की कंपनी दिवाळखोरीचा विचार करते आहे. कारखानदार घाबरले. पुष्कळांनी सांगितलं, 'आधी रोख पैसे, मग माल.' नाताळ तोंडावर, आणि रोकड नाही! कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. उधारी विश्वासावर चालते, दोस्तांनो. विश्वास उडाला, की भरलेलं दुकानही रिकामं व्हायला वेळ लागत नाही.

तो नाताळ वाईट गेला. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं बंद करण्याचं ठरलं. त्यानंतर आठवड्याभरातच, २२ मार्चला, लाझारस वारले. ते ९४ वर्षांचे होते. २९ जून २०१८ ला अमेरिकेतली शेवटची दुकानं बंद झाली.

मग नुकसान कुणाचं झालं? गुंतवणूकदारांचे पैसे बुडाले, हे खरं. पण त्यांच्याकडे इतर धंदे होते. तीस हजारांहून जास्त कामगारांकडे मात्र हीच नोकरी होती. त्यांतले काही वीस-तीस वर्षं तिथे राबलेले. काही महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१७ मध्ये, मोठ्या अधिकाऱ्यांना बोनस द्यायला न्यायालयाची परवानगी मिळाली होती. कामगारांना मात्र नोकरी सुटताना मिळणारी भरपाई मिळेना. तेव्हा ते गप्प बसले नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, गुंतवणूकदारांच्या दारात गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये केकेआर आणि बेन कॅपिटल यांनी मिळून कामगारांसाठी २ कोटी डॉलर बाजूला काढले. कायद्याने द्यावेच लागतील असे ते पैसे नव्हते. कामगारांनी नेट धरला, म्हणून मिळाले.

जिराफ अगदीच नाहीसा झाला नाही. जपानमधली दुकानं चालूच राहिली. अमेरिकेतही २०२१ च्या डिसेंबरात न्यू जर्सीत एक नवं दुकान उघडलं, आणि २०२२ मध्ये मेसीज या दुकानांच्या आत जेफ्रीचे कोपरे थाटले गेले. नाव टिकलं, पण जुन्या नोकऱ्या परत आल्या नाहीत.

मग कर्ज वाईटच का? मुळीच नाही. शेतकरी विहिरीसाठी कर्ज काढतो, विहीर पाणी देते, पाण्यातून पीक येतं, पिकातून कर्ज फिटतं. जिराफाच्या दुकानात कर्ज काढून नवी विहीर खोदलीच नाही. जुनीच विहीर एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेली, आणि तिचं पाणी व्याजात आटलं. म्हणून कर्जाचं कानावर आलं, की दोन प्रश्न विचारायचे. ते कशासाठी काढलं? आणि फेडणार कोण?

करून पाहा
१) २ कोटी डॉलर तीस हजार कामगारांत सारखे वाटले, तर प्रत्येकाला किती मिळतील? उत्तर काढा आणि घरात सांगा.
२) ओळखीच्या दुकानदाराला, गर्दी नसताना, विचारा : तुम्हाला माल उधारीवर मिळतो का? पैसे किती दिवसांनी द्यावे लागतात?

आईबाबांसाठी : घराच्या किंवा गाडीच्या कर्जाचा हप्ता भरत असाल, तर त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे एकदा मुलांना कागदावर मांडून दाखवा. त्यांना नक्की समजेल.