बोटीतून उतरल्यावरचा एक दिवस

क्रूझच्या शेवटच्या रात्री सगळ्या सूटकेसना रंगीत टॅग लावून त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. रात्रीतून त्या गायब होतात आणि सकाळी धक्क्यावर भेटतात. आमच्या बाबांनी इतक्या शिस्तीत पॅकिंग केलं की सकाळी घालायची पँटही आत गेली. त्यामुळे अलास्का बघून बाबा व्हँकुव्हरला उतरले ते माझ्या ट्रॅकपँटमध्ये, खालून दोनदा दुमडून. :)

ही गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. ते मी मुद्दामच तसं घेतलं होतं. बोटीला उशीर झाला, धुकं पडलं, सामान सापडलं नाही, तर? आम्ही सॉफ्टवेअरवाले रिलीजच्या आधी बफर ठेवतो, तसाच हा एक दिवस. पण बफरचा प्रॉब्लेम तुम्हाला माहीतच आहे. काही बिघडलं नाही, तर त्याचं करायचं काय?

याची दोन उत्तरं लोक देतात. पहिलं, हॉटेलात जाऊन झोपा. पण खोली मिळते दुपारी तीनला आणि बोट तुम्हाला उतरवते सकाळी आठला. दुसरं, बसची सिटी टूर. अर्ध्या दिवसात सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, त्यातली दहा बाथरूमच्या रांगेत. माझ्याकडेही सहा ठिकाणांचं एक्सेल तयार होतंच. आईने ते बघितलं आणि म्हणाली, "अरे, आठवडाभर रोज उतरतोय नि चढतोय. आज नुसतं चालूया की."

तर आम्ही सूटकेस हॉटेलच्या क्लोकरूममध्ये टाकल्या आणि परत पाण्याकडे आलो.

बोटी लागतात ती जागा म्हणजे कॅनडा प्लेस. पांढऱ्या शिडांसारखं छप्पर, १९८६ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेलं. तिथून पश्चिमेला पाण्याच्या कडेने चालायला सुंदर रस्ता आहे. लगेच एक शिल्प लागतं, डग्लस कूपलंडचा 'डिजिटल ओर्का'. काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा देवमासा, एखादा कमी रिझोल्युशनचा फोटो उडी मारताना गोठावा तसा. मी खूश. बाबा म्हणाले, "पूर्ण डाउनलोड झाला नाही वाटतं."

आणखी दहा-पंधरा मिनिटं चाललं की कोल हार्बरच्या बागेत एक स्मारक आहे. २०१२ साली उभारलेलं. त्यावर नावं आहेत. आई वाचायला लागली आणि थांबली. सिंग, सिंग, सिंग. "ही तर आपली माणसं!"

ती माणसं 'कोमागाता मारू' या बोटीवरची. १९१४ च्या एप्रिलमध्ये गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेली ही जपानी बोट हाँगकाँगहून निघाली. शांघाय, मोजी, योकोहामा करत २३ मे रोजी इथे पोचली. बोटीवर ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबातले शीख, काही मुसलमान, काही हिंदू. सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि कॅनडाही त्याच साम्राज्यात. तरी त्यांना उतरू दिलं नाही. आधी कॅनडात राहिलेले आणि असे मोजके वीसेक लोक सोडले, तर बाकीचे दोन महिने समोरचं शहर बघत बोटीवरच अडकले. अन्नपाण्याचे हाल झाले. किनाऱ्यावरच्या त्यांच्या भाऊबंदांनी पैसे जमवले, कोर्टात गेले, हरले. २३ जुलैला युद्धनौकेच्या पहाऱ्यात बोट परत पाठवली. सप्टेंबरात ती कलकत्त्याजवळ बजबजला पोचली, तर तिथे इंग्रजांच्या पोलिसांनी गोळीबार केला. वीसेक माणसं मेली.

बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे गाव दिसतंय, आणि उतरायचं नाही?"

मला मात्र त्यातला नियम छळत राहिला. १९०८ चा हा नियम असा, की कॅनडात येणाऱ्याने आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या तिकिटावर, मध्ये न थांबता आलं पाहिजे. वाचायला किती साधा! त्यात 'भारतीय' हा शब्दच नाही. फक्त भारतातून तसं थेट येण्याची सोय शिल्लक ठेवलेली नव्हती. शिवाय आशियाई माणसाने खिशात २०० डॉलर दाखवायचे.

प्रोग्रामर म्हणून सांगतो, असली अट लिहिणं आपल्याला फार सोपं जातं. मी स्वतः लिहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका कर्जाच्या फॉर्मसाठी 'एकाच पत्त्यावर दोन वर्षं' अशी अट कोडमध्ये घातली. एका ओळीचं काम. टेस्टिंग पास. दर अकरा महिन्यांनी घर बदलणारा भाडेकरू त्यात बसत नाही हे लक्षात आलं होतं, पण "रिक्वायरमेंट आहे" म्हणून गप्प बसलो. तेव्हा मी स्वतःच भाड्याच्या घरात राहत होतो! माझी ओळ आणि तो नियम एका मापाचे नाहीत, कबूल. तिथे हेतूच वगळण्याचा होता, इथे नुसता आळस होता. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला हा फरक कसा कळणार?

त्याच सकाळी आम्ही पंधरा मिनिटांत उतरलो होतो. अधिकाऱ्याने पासपोर्ट बघितले, आईला हसून "वेलकम" म्हटलं. त्यामागे दोन देशांचे व्हिसे, बँकेची स्टेटमेंट, माझ्या नोकरीचं पत्र अशी जाड फाइल होती. ती तयार करताना मी चिडचिड केली होती. आता वाटतं, आमचं नशीब की त्या अटी पुऱ्या करता तरी येत होत्या.

कॅनडाने माफी मागितली. पंतप्रधान ट्रूडो यांनी संसदेत, १८ मे २०१६ ला. म्हणजे १०२ वर्षांनी.

दुपारी गॅसटाउनचं वाफेवरचं घड्याळ बघितलं. दिसतं जुनंपुराणं, बनवलंय १९७७ साली. एक्सेलमधली बाकीची चार ठिकाणं राहिली ती राहिलीच.

तर माझं म्हणणं एवढंच. बोटीनंतरचा दिवस जरूर ठेवा, पण तो सहा ठिकाणांत वाटून टाकू नका. बंदराच्या गावात उतरलात, तर आधी बंदरच बघा. तिथे कोण उतरलं आणि कोणाला उतरू दिलं नाही, हे विचारा. मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावर आणि बॅलार्ड पिअरवरही विचारून बघावं. जगातल्या बहुतेक धक्क्यांकडे अशी एखादी गोष्ट असते आणि ती बसच्या खिडकीतून दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी वॉटरफ्रंट स्टेशनवरून विमानतळाची गाडी पकडली. जुनी, खांबांची, देखणी इमारत. बांधकाम पूर्ण, १९१४. बाबांनी ते साल वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता सूटकेस उचलली. या वेळी स्वतःच्या पँटमध्ये.