सात पावलांची पळवाट

लग्नासंबंधी हायकोर्टांचे व सुप्रीम कोर्टाचे जे निकाल गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेर पडले, ते वकिलांच्या कपाटात पडून राहू द्यावेत असे नाहीत. भटजीला फाटा देऊन लग्ने लावणाऱ्या शेतकरी, माळी, धनगर, सुतार, लोहार बंधुभगिनींनी तर ते समजून घेतलेच पाहिजेत.

सन २०२३ च्या सप्टेंबरात अलाहाबाद हायकोर्टाने दुसऱ्या लग्नाची एक फिर्याद रद्द केली. कारण काय, तर सप्तपदी झाल्याचे फिर्यादीत म्हटले नव्हते! मार्च २०२४ मध्ये त्याच कोर्टाच्या लखनौ खंडपीठाने सांगितले की, कन्यादान आवश्यक नाही, सप्तपदी मात्र आवश्यक आहे. मुलगी ही दान देण्याची वस्तू नव्हे, हे आम्ही केव्हापासून सांगत आलो. तेव्हा निकालाच्या पहिल्या भागाचा आम्हांस आनंदच आहे. पुढे एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरविले की, विधी न करता नुसता नोंदणीचा दाखला मिळविला, तर ते हिंदू लग्न होत नाही.

आता कोणी म्हणेल, यात आपले काय बिघडले? बिघडले ते असे. सन १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे ७ वे कलम घराण्याच्या रूढीप्रमाणे लागलेले लग्न मानते खरे. पण ती रूढी कोर्टात शाबीत करावी लागते. ती शाबीत झाली नाही, की होम आणि सात पावले कोठे आहेत, हा प्रश्न उभा राहतो. सन १९६५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका खटल्यात असे घडले. पहिली बायको जिवंत असता एकाने गांधर्व पद्धतीने दुसरी केली. खालच्या कोर्टांनी त्यास दोषी धरले. सुप्रीम कोर्टाने सोडले. दुसऱ्या लग्नात सप्तपदी नव्हती, म्हणून ते लग्नच नव्हे, आणि लग्न नव्हे म्हणून गुन्हाही नव्हे! पहिलीला न्याय नाही आणि दुसरीला नवरा नाही. अलाहाबादच्या खटल्यात आरोपी स्त्री होती हे खरे; पण वाट एकदा पडली की तिच्यावरून कोणीही जातो, आणि आजवर अधिक कोण गेले हे गावोगाव ठाऊक आहे.

आता मद्रासकडे पाहा. पेरियारांच्या स्वाभिमान विवाहांना तेथील सरकारने सन १९६७ मध्ये ७-अ हे कलम घालून मान्यता दिली. नातलग व मित्र यांच्यासमक्ष एकमेकांस पतिपत्नी म्हणावे, हार किंवा अंगठी घालावी, अथवा ताली बांधावी; लग्न झाले. परिणाम काय? सन २००१ मध्ये तेथील एका नवऱ्याने सप्तपदीची हीच ढाल पुढे केली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ती मानली नाही. तो दोषी ठरला. गुन्हा एकच, कोर्ट एकच. फरक एका कलमाचा.

जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापिला सन १८७३ मध्ये आणि त्याच वर्षी सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लावले. ओतूरच्या जोशांनी दक्षिणेसाठी केलेला दावा हायकोर्टापर्यंत लढण्याची छाती आमच्या वाडवडिलांनी दाखविली. त्या महाराष्ट्रात आजही असे कलम नसावे, ही शरमेची गोष्ट आहे. जो आमदार मते मागावयास येईल, त्यास प्रथम हेच विचारा.

तोवर घरच्यांनी सावध राहावे. लग्नाची शपथ सर्वांसमक्ष म्हणावी, साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, छायाचित्रे जपून ठेवावीत. त्याशिवाय सन १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंद करावी. तीस दिवसांची नोटीस लागते, पण तेथे सात पावले कोणी मोजत नाही. मांडवाला हजारो रुपये घालणाऱ्या बापाने लेकीसाठी कचेरीत एवढी खेप घालावी.